माल जातो, माणसे जातात. मोल कोठे राहते?

बीड जिल्हा जगापासून तुटलेला आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पुढाऱ्यांच्या भाषणांत, विधिमंडळातील चर्चांत आणि अनुशेषाच्या अहवालांत मागासलेपणाची कारणे सांगताना हेच वाक्य प्रथम येते. पाणी नाही, रेल्वे नाही, म्हणून उद्योग नाहीत. उद्योग नाहीत म्हणून जगाच्या व्यापाराशी आपला संबंध नाही, अशी ही तर्कपरंपरा असते. हे निदान आम्हांस मान्य नाही. गेवराई-माजलगावच्या काळ्या रानातला कापूस दूरच्या गिरण्यांत सूत होतो आणि त्या सुताचे कपडे परदेशी दुकानांत टांगले जातात. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर येथील डोंगरपट्ट्यातल्या माणसांनी परमुलखात तोडलेल्या उसाची साखर जहाजांत भरली जाते. जगाशी आपला संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे. तो कोणत्या पायरीवरचा आहे, एवढाच काय तो प्रश्न आहे. आणि हा प्रश्न विचारण्याचे आपण आजवर टाळले आहे.

हल्लीचे अर्थशास्त्रज्ञ या पायऱ्यांच्या उतरंडीला 'जागतिक मूल्यसाखळी' असे नाव देतात. जागतिक बँकेने आपला २०२० सालचा विकास अहवाल याच विषयाला वाहिला होता. कल्पना साधी आहे. पूर्वी एक देश कापड करी व दुसरा ते विकत घेई. आता एकाच सदऱ्याचे बी एका देशात पेरले जाते, सूत दुसरीकडे निघते, शिवण तिसरीकडे होते, आणि नाव, नमुना व दुकान यांची मालकी चौथ्याच देशात असते. प्रत्येक पायरीवर वस्तूच्या किमतीत भर पडते. पण ही भर सारखी पडत नाही. ज्याच्याकडे नमुना, नाव व गिऱ्हाईक आहे, त्याच्या पदरात मोठा वाटा पडतो. ज्याच्याकडे केवळ माती व मनगट आहे, त्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. ही गोष्ट देशादेशांपुरती मर्यादित नाही. एकाच देशाचे प्रदेश आणि एकाच राज्याचे जिल्हेही या उतरंडीवर वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असतात. मुंबई, ठाणे, पुणे यांचे जगाशी असलेले नाते आणि बीडचे नाते ही दोन्ही नातीच. परंतु एक दिवाणखान्यातले आहे व दुसरे ओसरीबाहेरचे आहे.

फळ्यावर मांडावे असे एक सोपे गणित आम्ही वाचकांपुढे ठेवतो. एक क्विंटल कापूस पिंजला, म्हणजे सुमारे चौतीस किलो रुई निघते. बाकीची बहुतेक सरकी. सूतकताईत व कपड्याच्या कापणीत जाणारी घट वजा केली, तर त्या रुईतून साधारण सव्वाशे ते दीडशे साधे विणीचे सदरे होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव केंद्र सरकारने क्विंटलला ८,११० रुपये ठरवला. तो शेतकऱ्यास पूर्ण मिळाला असे मानले, आणि सरकीची किंमत त्यातून वजा केली नाही, तरी एका सदऱ्यात कापूस उत्पादकाचे पन्नास-साठ रुपये असतात. परदेशातील दुकानात त्या सदऱ्याला हजार रुपये पडतात असे धरा. किंमत याहून कमी-अधिक असेल, हिशेबाचे तात्पर्य बदलत नाही. हजारातले पन्नास-साठ आपले. त्यांतूनच बियाणे, खत, फवारणी, वेचणी, गाडीभाडे आणि सावकाराचे व्याज भागवायचे. जिल्ह्यात या साखळीची जी मुख्य पुढची पायरी आहे, ती जिनिंग-प्रेसिंगची. रुईची गाठ बांधली, मालमोटारीत चढवली, की बीडचा आणि त्या कापसाचा संबंध संपला.

हे पूर्वापार असेच होते काय? इतिहास तसे सांगत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात, व तेथून पश्चिमेकडील देशांत पोहोचत, असे तो लिहितो. बीडचा मुलूख या दोन पेठांच्या मध्ये पडतो. दोन हजार वर्षांपूर्वी या पठारावरून कापड बाहेर जात होते. आज कापूस जातो. सोळाव्या-सतराव्या शतकांत अंबाजोगाईच्या दासोपंतांनी चोवीस हात लांबीच्या पासोडीवर आपला ग्रंथ उतरवला. कागदाचे काम कापडाकडून करून घेण्याइतके या भूमीचे कापडाशी सख्य होते. पुढे इंग्रजी गिरण्यांचा काळ आला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला, आणि वऱ्हाड-दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो भाव उतरला आणि कर्जे तेवढी मागे राहिली. भाव कोठे तरी दूर ठरतो आणि त्याचा फटका येथे बसतो, हा धडा त्या वेळी प्रथम मिळाला. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपण त्याच इयत्तेत बसलो आहोत.

याचा ताजा दाखला २०२५ सालाने दिला. अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर पन्नास टक्क्यांपर्यंत नेला. तयार कपड्यांच्या निर्यातदारांचे धाबे दणाणले. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून उठवले. आरंभी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. मराठवाड्यातला कापूस बाजारात येतो तो नेमका याच महिन्यांत. निर्यातदारास दिलासा द्यायला आमची हरकत नाही. कपड्याचा धंदा बुडाला तर कापसाला गिऱ्हाईक कोठले? परंतु वॉशिंग्टनने टाकलेले ओझे साखळीच्या वरच्या कड्यांनी एकेक करीत खाली सरकवले, आणि ज्याच्या खाली कोणी नाही अशा शेतकऱ्याच्या डोक्यावर ते येऊन बसले, ही गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही. त्याच सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरी यांच्या पुरांनी जिल्ह्यातील उभी पिके खरवडून नेली होती. आभाळ फाटले त्याला कोणी जबाबदार नसेल. आयातशुल्काची तारीख मात्र माणसांनीच ठरवली होती.

कापसाची कथा ही मालाची कथा आहे. उसाची कथा माणसांची आहे, आणि ती अधिक क्लेशकारक आहे. दसरा-दिवाळी झाली, की या जिल्ह्यातून काही लाख माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन बाहेर पडतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटपर्यंत त्यांच्या टोळ्या पसरतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या काळोखात तोडणी सुरू होते. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, गाडी भरायची, आणि कारखान्याची गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री उठायचे. या व्यवस्थेचा व्याकरणदृष्ट्या अत्यंत बोलका शब्द 'कोयता' हा आहे. एक कोयता म्हणजे एक नवरा व एक बायको. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव आणि एकच हिशेब. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, आणि राबणूक दोघांची. बाईने केलेल्या अर्ध्या, किंबहुना अर्ध्याहून अधिक कामाची नोंद कोणत्याही वहीत नसते.

येथेही हिशेब पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखाने आणि ऊसतोड कामगारांचे प्रतिनिधी यांच्यात करार झाला व तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. ही वाढ झगडून मिळवलेली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. पण एक टन उसातून साधारण एक क्विंटल साखर निघते, हे लक्षात घेतले म्हणजे किलोभर साखरेमागे तोडणाऱ्या जोडप्याचे पावणेचार रुपयेही होत नाहीत. दोघांनी दिवसाकाठी दोन टन तोडले, तर दोघांची मिळून मजुरी सव्वासातशेच्या आसपास. त्यातून उचल फेडायची. आजारपणाचा दिवस खाड्यात जातो, बाळंतपणाचाही जातो, आणि बाईच्या मासिक धर्माचे दिवसही जातात.

याच ठिकाणी तो प्रश्न उभा राहतो, ज्याने २०१९ साली साऱ्या देशात या जिल्ह्याचे नाव गाजले. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. शंभरात सोळाहून अधिक. यामागे अज्ञान असेल, धंदेवाईक डॉक्टर असतील, उघड्यावरचे जगणे व त्यातून येणारे आजार तर आहेतच. परंतु खाडा परवडत नाही म्हणून शरीराचा एक अवयवच काढून टाकावा, असे ज्या बाईला वाटते, तिच्या मजुरीची रचनाच मुळात सदोष आहे, हे मान्य केल्याशिवाय गत्यंतर नाही. साखरेच्या किमतीत या गोष्टीचा हिशेब कोठे धरलेला नसतो.

आणि ही साखर जागतिक व्यापारातली आहे, याचा विसर पडू नये. २०२१-२२ च्या हंगामात भारताने एक कोटी टनांहून अधिक साखर निर्यात केली. पुढे देशातील भाव आवरण्यासाठी निर्बंध आले, २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळजवळ बंदच होती, आणि जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख टनांना परवानगी मिळाली. साखर बाहेर जावो वा न जावो, ती देशातल्या देशातही जगप्रसिद्ध शीतपेयांत व गोड पदार्थांत विरघळतच असते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्राने अशा कंपन्यांना साखर पुरविणाऱ्या महाराष्ट्रातील कारखान्यांच्या फडांवरील कर्ज, बालविवाह आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांविषयी सविस्तर वृत्तांत छापला. आपल्याकडे काहींना त्यात देशाची बदनामी दिसली. आम्हांला वेगळेच वाटले. जे आपल्या अंगणात वर्षानुवर्षे घडत होते, ते सात समुद्रांपलीकडच्या वाचकाने वाचेपर्यंत आपण त्याला रोजचे म्हणून सोडून दिले, याची लाज वाटली.

याचा दुसरा, व्यवहाराचा भागही आहे. वेठीच्या श्रमातून बनलेला माल आपल्या बाजारात विकू द्यायचा नाही, असा कायदा युरोपीय संघाने २०२४ साली केला असून तो डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे. उचल देऊन माणूस हंगामभर अडकवून ठेवणे ही वेठ आहे की नाही, याचा खल आपल्याकडे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यापासून चालू आहे. कारखानदार म्हणतात, आमचा करार वाहतूकदाराशी व मुकादमाशी; मजुराशी आमचा संबंध नाही. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी उचल घेऊन मजुरांना दिली, अर्धे पळून गेले, माझीच जमीन गेली. आणि त्याचे म्हणणेही प्रत्येक वेळी खोटे नसते. सर्वांचे हात असे झटकलेले असता उद्या परदेशी गिऱ्हाइकाने 'हा ऊस कोणी तोडला?' एवढा साधा प्रश्न विचारला, तर दाखवायला एक यादीही आपल्यापाशी नसेल. मग गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, आणि त्याची झळ प्रथम कोयत्यालाच लागेल.

ऊसतोडणी नकोच, हा धंदा बंद झाला पाहिजे, असे म्हणणारे एक मत आहे. त्यामागची कळकळ आम्ही जाणतो. परंतु कोरडवाहू दोन एकरांवर ज्याचे वर्ष निघत नाही, त्याला ही उचलच लग्नाला, घराला आणि दवाखान्याला उपयोगी पडते. दुसरा पर्याय उभा न करता हा आधार काढून घेणे म्हणजे आगीतून उठवून फुफाट्यात टाकणे होय. आणि धंदा बंद करण्याचे काम आपल्यासाठी यंत्र थांबून राहिलेले नाही. तोडणी यंत्रे फडांत उतरली आहेत. त्यांच्या खरेदीस शासनाचे अनुदानही आहे. मोठ्या, सपाट, पट्टा पद्धतीने लावलेल्या रानांत ती आधी पसरतील आणि माणसासाठी अडचणीचे फड उरतील. यंत्राला आमचा विरोध नाही. मोळीखाली मान मोडण्यात कोणताही थोरपणा नाही. पण अनुदान यंत्राच्या मालकाला आणि निरोप मजुराला, एवढीच जर योजना असेल, तर येत्या काही वर्षांत या जिल्ह्यापुढे आजच्याहून बिकट प्रसंग उभा राहील.

मग करायचे काय? 'मोठा उद्योग आणा' हे नेहमीचे उत्तर आहे. परळीला रेल्वे कित्येक दशके आहे, औष्णिक वीजकेंद्रही आहे. कोळसा आत आला, वीज तारांवरून बाहेर गेली, आणि राख मागे राहिली. भोवतालच्या गावांतील कोयते त्यामुळे थांबले नाहीत. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली. तीन पिढ्यांची आस पुरी झाली, आणि त्या दिवशी स्थानकावर लोटलेल्या गर्दीचा आनंद सर्वस्वी रास्त होता. परंतु लोहमार्ग दोन्ही दिशांनी चालतो. येथे बनवलेली वस्तू त्यावर चढली नाही, तर मजुरांच्या टोळ्या अधिक लवकर बाहेर पोहोचविणारा एक सोयीचा मार्ग एवढेच त्याचे स्वरूप राहील.

बालाघाटच्या डोंगरउतारावरचे सीताफळ घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यावर काम करणारे संशोधन केंद्र अंबाजोगाईस आहे. कातळातून, विनापाण्याचे, जवळजवळ विनामशागतीचे असे हे फळ. त्याला जगात नाव आहे. पण झाडावरून उतरले, की दोन-चार दिवसांत ते पिकते आणि फुटते. म्हणून पाटीभर फळे घेऊन बसलेली बाई संध्याकाळी व्यापारी म्हणेल त्या भावाला मान तुकवते. गर काढून गोठवून ठेवण्याची सोय जवळ असेल, तर तीच बाई दुसऱ्या दिवसाची वाट पाहू शकते. साखळीत वरच्या पायरीवर चढणे म्हणजे पुष्कळदा एवढेच असते: उद्यापर्यंत थांबता येणे. कापसाचेही तेच. स्वच्छ वेचणी, प्रतवारीनुसार वेगळी साठवण, गोदामातील पावतीवर कर्ज आणि गावच्या उत्पादकांनी एकत्र येऊन केलेली विक्री, एवढ्यानेही भावात फरक पडतो. सूतगिरण्यांचा मोह आम्ही सावधपणेच सांगू. राज्यातील पुष्कळ सहकारी सूतगिरण्यांत शासनाचे भागभांडवल गेले, चात्या थांबल्या आणि संचालक मंडळे तेवढी फिरत राहिली. गिरणी हवी, पण ती हिशेब दाखविणारी हवी.

भांडवल न येण्याचे एक कारण मात्र पावसात वा दगडात शोधता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणाशी तपासयंत्रणेने आपल्या आरोपपत्रात या हत्येचा संबंध जोडला आहे. निवाडा न्यायालय करील आणि त्यावर भाष्य करणे आम्ही अनुचित मानतो. परंतु जेथे कारखान्याच्या पायाभरणीपूर्वीच वाटेकरी दारात उभे राहतात, तेथे प्रामाणिक उद्योजक फिरकत नाही, हे सांगण्यास कोणत्याही निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. खंडणी हाही एक आयातकरच आहे. फरक एवढाच, की तो आपल्याच माणसांनी आपल्याच जिल्ह्यावर लादलेला आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले आहे. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आहे. नावे थोर आहेत. कामही नावाला साजेसे झाले पाहिजे. त्यासाठी आमची पहिली मागणी अगदी लहान आहे. येत्या हंगामात टोळ्या बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक तोडणी कामगाराचे नाव, बाईचे वेगळे आणि पुरुषाचे वेगळे, ग्रामपंचायतीत नोंदले जावे. उचल किती, कोणी दिली, कोणत्या कारखान्यासाठी दिली, हे त्यापुढे लिहिले जावे. मजुरी ज्याची त्याच्या, जिची तिच्या बँक खात्यात पडावी. त्या यादीची एक प्रत कारखान्याने सहीनिशी घ्यावी, आणि ज्याची सही त्याची जबाबदारी मानावी. ज्या कारखान्याची यादी नाही, त्याला गाळपाचा परवाना नाही, असे साखर आयुक्तांनी जाहीर करावे.

याला नवा निधी लागत नाही, नवे धरण लागत नाही, परदेशी तज्ज्ञही लागत नाहीत. एक वही लागते आणि ती भरण्याची इच्छा लागते. जगाच्या बाजारात बीडची पायरी उंचावण्याच्या गोष्टी आपण पुष्कळ काळ करू. परंतु जो जिल्हा आपल्या बाहेर जाणाऱ्या माणसांची नावेही लिहून ठेवीत नाही, तो आपल्या श्रमाचे मोल कोणाकडे आणि कशाच्या आधारे मागणार? दसऱ्याला कोयते निघतील. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर ती यादी असली पाहिजे.